कोऱ्या कपाळाची तक्रार

आर्ट गॅलरीच्या दारात पाऊल टाकलं की ती घटना आजही आठवते. पेनसिल्व्हेनियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात मी डिटेक्टिव्ह होतो. नागपूर लहानपणीच सुटलं, मराठी तेवढी घरात टिकली.

तिथल्या गॅलरीत एका ब्रिटिश चित्रकार बाईंचं प्रदर्शन लागलं होतं. त्यातलं एक चित्र: इंग्रजांच्या राज्यातल्या दुष्काळात खडी फोडणारी आपल्याकडची बाई, हातात हिरव्या बांगड्या. त्या चित्राला कोणीतरी लाल-पिवळा रंग फासल्याची तक्रार आली. दालनात कॅमेरा नव्हता, पण टिप लगेच आली. झटपट आलेली टिप मी जरा जपूनच घेतो. त्यात नाव होतं पुण्याच्या एका पीएचडीच्या मुलाचं; त्याने या प्रदर्शनावर कॉलेजच्या पेपरात लिहिलं होतं, की पणजोबांनी राज्य केलं आणि पणती त्याचं दुःख विकते. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचा व्हिसाही गेला असता आणि शिक्षणही.

त्याला हक्क वाचून दाखवले आणि मराठीतच विचारलं, "तू केलंस?"

"नाही काका. मी क्रिटिसाइज केलंय, डॅमेज नाही."

"प्रदर्शन बघायला सोबत कोण होतं?"

इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणारा पोरगा गप्प झाला. असा माणूस बहुधा कोणाला तरी पाठीशी घालत असतो.

मी गॅलरीत जाऊन चित्र पाहिलं. फासलेलं काहीच नव्हतं. कपाळाच्या मधोमध हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट.

मग त्या मुलाच्या घरी गेलो; त्याची आई पुण्याहून आलेली होती. तिने चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं, "मीच लावलं. पर्समध्ये असतंच माझ्या. हातात बांगड्या आणि कपाळ पांढरं, मला बघवेना."

"काकू, आळ तुमच्या मुलावर आलाय. त्याचा व्हिसा जाईल."

तिचा चेहरा उतरला. "मग मला न्या. त्याला सोडा."

पोलीस स्टेशनवर काकूंसमोरच चित्रकार बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूळ चित्रात कुंकू होतं. लंडनच्या समीक्षकांनी झोडपलं, की गोऱ्या बाईने भुकेला नटवलंय. त्यात राजकारण तापलं, म्हणून बाईंनी स्वतःच ते पुसलं. त्यांनी तक्रार मागे घेतली, आणि लागलेलं कुंकू राहू द्या म्हणाल्या.

मी काकूंना हे मराठीत सांगितलं.

"अगं बाई! लोक काय, बोलणारच. म्हणून सवाष्णीचं कुंकू पुसायचं?"

त्या काय म्हणाल्या, असं चित्रकार बाईंनी विचारलं. मी आयुष्यभर जबाब भाषांतरित केले, पण या वाक्याला मला इंग्रजी सापडलं नाही. पुढे नुकसानीची कुठलीही तक्रार आली की मी आधी विचारायचो, इथे पूर्वी काय होतं?