सारस शोधून देणारा साडू

इंटरनेटवर एकदा लिहिलेलं कधी जात नाही म्हणतात. जात नसेलही, पण सापडतं ते साऱ्या जगात फक्त माझ्या साडूला. हे मी आनंदाने सांगतोय असं समजू नका. मी त्या माणसावर जळतो. आजवर कुणापाशी बोललो नाही, आता लिहूनच टाकतो.

आम्हा गोंदियाकडच्या पक्षीवेड्यांचा एक जुना ईमेल-गट होता. गट मी काढला आणि त्यात हरवलो मीच. कारण नवा विषय काढून लिहायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. शेवटचा जो मेल आलेला असेल, त्यालाच 'उत्तर द्या' दाबून जो तो आपलं लिही. त्यामुळे नागझिऱ्याचं घुबड 'दिवाळीच्या शुभेच्छां'त जाऊन बसलेलं आणि करकोचे कुणाच्या तरी निरोप समारंभात. शोधायला जावं, तर एक तर काहीच येत नाही, नाहीतर सगळंच येतं.

साडूही त्याच गटात, पण तो पक्षी शोधतच नाही. तो भांडणं शोधतो. एका लग्नाच्या पंगतीत दोन पेन्शनर देवरीच्या रस्त्यावरच्या एका गरुडावरून हमरीतुमरीवर आले. हा डाव्या हाताने मोबाइल चाळत म्हणाला, "तवा हे मास्तर तुमच्यावर रुसले होते ना जी? त्या रुसव्याखालीच पाहा." गरुड तिथेच होता! वरणभात निवून गेला, पण सारी पंगत याच्याभोवती. गट माझा आणि पंगत त्याची. आमच्या घरी तर चष्मा हरवला तरी बायको म्हणते, "जवाईबापूंनाच फोन लावा." मग तो कुडव्याहून गाडीवर येतो, "निघूनच राहिलो जी" म्हणत डोक्यावरचं हेल्मेट काढत नाही आणि हेल्मेटसकट तीन चहा पितो.

यंदा गावच्या तलावाच्या पाळीवर सारसांचा फलक लावायचं ठरलं. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला. तिथली सारसजोडी पहिल्यांदा मी पाहिली, गटात कळवलीही मीच. सरपंच म्हणाले, "लेखी दाखवा, तुमचं नाव टाकतो." आठवडाभर शोधलं. शेवटी नाक मुठीत धरून साडूला बोलावलं.

पहिला चहा निवायच्या आत त्याने माझा मेल माझ्यासमोर धरला. लांबलचक, अगदी रंगून लिहिलेला. वर विषय होता: 'बारशाला आल्याबद्दल आभार'.

"हे कसं सापडलं जी तुम्हाले?" मी विचारलं. "यात तं कोनाचं भांडणही नाही."

"भांडण कायले पाहिजे, भाऊजी?" तो हसला. "माह्याच पोरीच्या बारशाचा मेल होय हा. फोटो टाकला होता तिचा. पयलं उत्तर तुमचं आलं. म्हटलं, पोरीबद्दल काही लिहिलं असन. मंग सारेच सारसावर बोलत गेले." आणि कप खाली ठेवत म्हणाला, "पण मस्त लिहिलं होतं जी तुम्ही."

ती पोर आता कॉलेजात जाते. फलकावर माझं नाव लागलं, तेव्हा टाळ्या त्यानेच सुरू केल्या. इतकी वर्षं हे मनात ठेवून हसत चहा पीत राहणं मला जमलं नसतं. आता त्याचाही हेवा वाटतो.

परवा तो मेल पुन्हा उघडला. 'गोड आहे' एवढंच लिहायचं होतं. पण गट केव्हाच बंद पडलाय. वाचता येतं, उत्तर देता येत नाही. फोटोच्या जागी नुसती कोरी चौकट येते. त्या वेळी मी तो फोटो उघडलाच नव्हता.