आठव्या खेपेचं बी

मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या हॅचरीत कोळंबीचा डोळा काढावा तो विनितानेच, असं सगळे मानत. मादीच्या डोळ्याच्या देठात अंडी रोखून धरणारी ग्रंथी असते. एका बाजूचा देठ तापल्या चिमट्याने दाबून काढला की तीन-चार दिवसांत मादी अंड्यांवर येते. मग येतच राहते. तिचा रंग उडतो, कवच नरम पडतं, खेपेगणिक पिल्लं दुबळी होत जातात. मालक कुलदीपशेठ याला उत्पादनवाढ म्हणत.  विनिताला मात्र कुठल्या टाकीची कितवी खेप, हे तोंडपाठ होतं.

त्या बुधवारी रेवसहून बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, न्यायला आला तो तिचा थोरला भाऊ बुधाजी. बहिणीच्या भरवशावर त्याने मिठागर मोडून कोळंबीचं तळं केलं होतं. शेठनी सात नंबरच्या टाकीतलं बी काढायला सांगितलं. ते आठव्या खेपेचं होतं.

बी परातीत घेऊन पाणी गोल ढवळतात. जोमदार पिल्लं धारेच्या उलट पोहतात, दुबळी मधोमध गोळा होतात.

"हळू ढवळ," शेठ तिच्या कानाशी पुटपुटले. हळू ढवळलं की मरतुकडंही पैलवान दिसतं.

तिने हळू ढवळलं.

"कसं धावतंय गो विने!" बुधाजी हरखला.

त्याचं हरखलेलं तोंड तिला बघवेना. "दादा, तू ढवळ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मीठ ओढायचास तसा हात चालव."

बुधाजीने जोरात मनगट फिरवलं. पाणी संथ झालं तेव्हा निम्मं बी मधोमध केरासारखं साठलं होतं.

"झोपली काय?"

"दमलीत. आयाच दमल्यात त्यांच्या. हे नेऊ नको. तीन नंबरचं दहा दिवसांत होईल."

तिला तिथल्या तिथे काढून टाकावं, असं शेठच्या मनात आलंच. पण उद्या दोनशे नव्या माद्या यायच्या होत्या, आणि एकही न मारता डोळा काढणारा दुसरा हात जवळपास नव्हता. त्यांनी गिऱ्हाइकाला बी दाखवायची परात तेवढी तिच्याकडून काढून घेतली, कायमची.

बुधाजी रिकाम्या हाताने परतला. उधाणाचं पाणी तळ्यात कोंडून ठेवलेलं. आता दहा दिवस ते नुसतं राखायचं. "सख्खी भैन हाय, पन बी द्याला न्हाय म्हनाली," असं तो गावभर सांगत सुटला.

वहिनीने हे फोनवर कळवलं. "म्हणू दे," विनिता म्हणाली आणि चिमटा तापवायला गेली.