सुंदराची घटनादुरुस्ती

कडावच्या सुंदराशी वाद घालायला शहाणा माणूस जात नाही. पण गावच्या मंडळाने तो घातला.

तिचा नवरा गेला तेव्हा मंडळाने त्याचं नाव सभासदांतून काढलं. मंडळाच्या घटनेत लिहिलेलं, सभासदाच्या मागे त्याचा मुलगा. सुंदराला एकच लेक, आरोही. म्हणजे घर गावात, शेत गावात, आणि उद्या लेकीच्या लग्नाला मंडळाचं सभागृह मागायचं ते परक्यासारखं! हे तिच्या जिव्हारी लागलं. ‘मुलगा’ खोडून ‘अपत्य’ लिहा, असा तिने अर्ज ठोकला.

सचिव विलास भला माणूस. म्हणाला, “काकी, घटना बदलायची तर दोन-तृतीयांश सभासद पायजेत.”

मग काय, डेअरीवर दूध घालून परतताना सुंदरा ओट्याओट्यावर थांबू लागली. “देशाची घटना शंभरावर वेळा दुरुस्त झाली, देश बुडाला का रं? नि तुमची एकदा करताना हात दुखतात?”

माणसं हसली, आणि तिच्या बाजूला वळलीही. अडचण उरली ती कुठेच न लिहिलेल्या रिवाजाची. मंडळात मतदान असं कधी झालंच नव्हतं. सगळ्यांत वडीलधारा बुधाजी ‘हो’ म्हणायचा, की ठराव मंजूर. बुधाजी हा सुंदराचा चुलतसासरा. आणि तो वर्षभर ‘नाय’वर अडून बसला होता.

सभेच्या दिवशी सुंदरा बाहेर पायरीवर बसली. सभासद नव्हती ना. विलासने ठराव वाचला. बुधाजी उठला तशी तिने पायरीवरूनच मान उंचावून आत पाहिलं.

“ह्यो ठराव मला मान्य नाय,” तो म्हणाला. “अर्धाच हाय. पोरीला आत घेता, नि तिच्या आयला पायरीवर? नवऱ्यामागं आधी बायकोचं नाव लिवा, मंग पोराबाळांचं. ही माझी उपसूचना.”

“मग वर्षभर हे बोलला का नाय, काका?” विलासने विचारलं.

“हिच्या अर्जात हिचंच नाव नाय. सोताहून लिवंल म्हनून वाट बघत व्हतो. बाकी समद्यांशी भांडते ती.”

बघता बघता हात वर झाले. उपसूचनेसकट ठराव मंजूर झाला. विलासने पेन उघडलं. “काकी, नव्या सभासदाचं नाव सांगा.”

“आरोही,” सुंदरा सवयीने म्हणाली.

“तिचं मागनं,” बुधाजी म्हणाला. “आधी तुजं सांग गं, सूनबाय.”

लेकीसाठी भांडता भांडता आपणही कुणी आहोत हे ती पार विसरून गेली होती. सुंदराने आपलं नाव सांगितलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.