ओढ्याकडची माती

दोन हजार बावीस साल. माझं वय एकाहत्तर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती तर आता गेली. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो. लांबण लावतोय असं वाटेल तुला गड्या. लावतोच आहे.

आमच्या आज्यानं दोन पोरांसाठी शेजारीशेजारी दोन घरं बांधली. एकाच मापाची, सागवानी खांबांची, वर मातीचं माळवद. एक माझ्या वाट्याला आलं, एक चुलतभाऊ सोपानच्या. माझं मी पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. गावातला पहिला स्लॅब! जुने खांब वीटभट्टीला जळणात गेले. तवा आटपाडीच्या बाजाराला जाणारा माणूस सायकल थांबवून माझं घर बघायचा.

सोपान शिरवळला कंपनीत. त्याचं घर कुलपात तसंच राहिलं. पाडलं नाही म्हणून काय मोठं केलं त्यानं? पाडायला इथं होता कोण? पण रिटायर होऊन आला, आणि त्याच्या सुनेनं, स्वातीनं, ते घर पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. पोरगी सांगलीला हेच, घरं बांधायचं, शिकलेली. टेप लावून खांब न् खांब मोजला. तुळईवरची नक्षी ब्रशनं पुसून काढली. मग माणसं बघायला येऊ लागली, फोटो काढू लागली — आणि उभी राहायची ती माझ्या घराकडं पाठ करून.

एकदा तिनं विचारलं, "आबा, तुमच्याकडचे खांब कुठं गेले हो?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ते लय लागलं. हे कारण म्हणून सांगत नाही. लागलं, एवढंच.

माळवदावर शेवटचा थर पांढऱ्या मातीचा. ती चिकट असली तरच पाणी अडतं. चांगली माती जुन्या गढीच्या टेकाडाची — लहानपणी बापाबरोबर गाढवावरून आणलेली. गावात आता हे मला एकट्यालाच ठाऊक. सोपान आला. म्हणाला, "दादा, ह्याच माळवदाखाली मरायचं हाय मला. तूच सांग, माती कुठनं आणू?"

मी काय सांगितलं असेल?

ओढ्याकडं हात केला. तिथली माती वाळली की दिसायला तशीच पांढरी, पण पाण्यात विरघळते. मला माहीत होतं. चुकून नाही, वय झालं म्हणून नाही. वर चढून ती माती चोपायला मदत पण केली.

परतीच्या पावसात, भर दुपारी, सोपानच्या घरात चिखल गळायला लागला. मग माजघरावरची तुळई मोडली. कुणाला लागलं नाही. सोपान दारात भिजत उभा, आणि सगळी गल्ली ऐकत असताना सुनेला म्हणाला, "लय शिकलीस गं! माझ्या बापाचं घर खाल्लंस!"

ती एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं, मामंजी. माती तपासून घ्यायला पाहिजे होती."

माझं नाव तिनं घेतलं नाही. मी तिथंच होतो, छत्री धरून. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. आतून गार वाटलं.

संध्याकाळी सोपान माझ्या ओसरीवर येऊन बसला. "दादा, आता स्लॅबच टाकतो. तूच शाणा निघालास."

तवा बोलता आलं असतं. तुळई नवी घालता आली असती, टेकाड कुठं पळालं नव्हतं. तोंड उघडलंही मी — आणि म्हणालो, "टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आटपाडीला जाऊन सेंट्रिंगवाल्याला त्यांच्या दारात घेऊन आलो. स्वातीनं आम्हाला चहा दिला. डोळे सुजले होते तिचे. मी चहा प्यायलो, आणि साखर कमी आहे म्हणालो.