अकराव्या विहिरीतलं कासव

बातमी आली तेव्हा मी तिचीच गोष्ट सांगत होतो. शिवप्पाच्या शिलाईच्या दुकानापुढच्या बाकावर पाच-सहा जण बसलेले, मशीन थांबवून शिवप्पाही ऐकत होता, आणि मी दोन्ही हात पसरून दाखवत होतो, की प्रज्ञाची दोरी आता एवढी लांब झाली आहे, एवढी, की एक टोक आमच्या गावात आणि दुसरं थेट गाणगापुरात. तिकडं कुणी भाविकानं घंटेची समजून ओढली, की इकडं विहिरीवरची पोरं कोलांट्या खातात. माणसं डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात शिवप्पाचा फोन वाजला. त्यानं तो कानाला लावला, दोनदा कानडीत ‘हौदा?’, म्हणजे ‘खरं का?’, म्हणाला आणि माझ्याकडं न बघता बोलला, "अण्णा, बास करा. ती पोरगी गेली. कलबुर्गीच्या दवाखान्यात, आत्ता तासाभरापूर्वी." माझे हात तसेच पसरलेले राहिले… ते खाली कसे घ्यावेत, हेच कळेना.

ती तापानं गेली. आठ दिवसांचा ताप, नुसता ताप. माझ्या गोष्टींमुळं नाही. हे मी तेव्हापासून दहा जणांना सांगून झालंय, त्यांतल्या एकानंही विचारलेलं नसताना.

खटकचिंचोळीच्या बाजाराला जाणारं कुणीही तुम्हाला माझी कीर्ती सांगेल. आमच्या आज्याचा बैल एकटाच हुमनाबादचा बाजार करून यायचा आणि भाव पडलेला असला तर माल परत घेऊन यायचा, ही गोष्ट माझी. एका गारेवर अख्ख्या लग्नाची पंगत बसली, तीही माझीच. मी कुणाचं वाईट केलं नाही, फक्त हसवलं, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत होती. ती सगळ्यांत मोठी थाप निघाली.

प्रज्ञा बिदरला बीएस्सी करून गावी परतली ती नोकरीच्या अर्जांसोबत एक दोरी घेऊन. दोरीला हाता-हातावर गाठ, दर पाचव्या गाठीला आईच्या जुन्या साडीची लाल चिंधी आणि टोकाला वजन म्हणून लोखंडी नट. गावातल्या बोअरी एकामागून एक कोरड्या पडत होत्या, आणि जुन्या विहिरींत किती पाणी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं बारा पोरंपोरी जमवल्या. दर सोमवारी सकाळी गावच्या अकरा विहिरींवर जायचं, दोरी सोडायची, नट पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या आणि वहीत मांडायच्या. ओढ्यात बांध घालायचा होता, तो नेमका कुठं घातला म्हणजे विहिरींना पाझर लागेल, हे त्या आकड्यांवरून ठरणार होतं. अर्धी पोरं घरी कानडी बोलणारी, अर्धी मराठी. काठावर उभी राहून प्रज्ञा कानडीत ओरडायची, "हग्ग बिडू!" म्हणजे दोरी सोड.

दहा विहिरींवर दोरी गेली. अकरावी माझी. ओढ्याच्या वरच्या अंगाला, सगळ्यांत खोल, माझ्या पणज्यानं बांधलेली.

ती विचारायला आली तेव्हा मी नाही म्हणालो नाही. मी कधीच नाही म्हणत नाही, गोष्ट सांगतो. "अगं पोरी, त्या विहिरीत कासव हाय. परातीएवढं. दोरी दिसली की गिळतंय. मागं बादल्या गिळल्या, एक मोटर गिळली, अजून त्याच्या पोटात फिरायलीय." तिच्यासोबतची पोरं खिदळली. ती हसली नाही. तिनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली, वही मिटली आणि म्हणाली, "काका, माझ्या आज्जालाबी तुमच्या आज्जानं कासवच सांगितलं व्हतं. उन्हाळ्यात घागर घेऊन आला व्हता तो. आमच्या घरात अजून सांगतेत."

ही गोष्ट मला वारशानं आलेली, इतकंच मला माहीत होतं. ती पहिल्यांदा कुणाला आणि कशासाठी सांगितली गेली, याचा विचार मी साठ वर्षांत केला नव्हता… की केला होता आणि कासवाखाली दडपला होता? तिच्या आज्यानं नंतर बुद्धाचा मार्ग धरला, बापानं शेत घेतलं, ती शिकून परत आली. माझ्या विहिरीचा काठ मात्र होता तिथंच होता. आता कुणी घागर मागत नव्हतं, नुसती दोरी सोडायची होती, तरी माझ्या तोंडून तेच कासव बाहेर आलं.

त्या वेळी ‘चुकलो’ म्हटलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मी काय केलं, तर त्याच संध्याकाळी शिवप्पाच्या बाकावर बसून तिचं नाव ठेवलं. कानडीत दोरी म्हणजे ‘हग्ग’. मराठी कानाला तो शब्द कुठं जाऊन पडतो, हे वाचकांना सांगायला नको. "हग्गअक्का आली, नाक धरा," एवढंच मी म्हणालो. असा विनोद आमच्याच पट्ट्यात होऊ शकतो, दोन्ही भाषा यायला लागतात. बाक हसून लोटपोट. एकटा शिवप्पा मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसला. मग म्हणाला, "अण्णा, आमच्यात दोरीला दोरीच म्हणतेत. घाण तुमच्या कानात हाय."

आठ दिवसांत नाव गावभर झालं. तिच्या घराण्याला गावानं पूर्वी कोणती कामं लावली होती, हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. विनोद तिथंच बोचणार हे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. शाळेची पोरं नाक धरून मागं लागायची. एकेका पोरीची आई म्हणायला लागली, "कामून जायलीस गं तिच्यासंगं? तुलाबी नाव पडंल." बारातले चार उरले. बांधाची जागा ठरेना, कारण वरच्या विहिरीचा आकडा नव्हता. प्रज्ञा मात्र दर सोमवारी यायची. माझ्या शेताच्या बांधावर उभी राहून विहिरीकडं एकदा बघायची, वहीत काहीतरी लिहायची आणि निघून जायची. ती तक्रार लिहायलीय, तहसीलदाराला धाडणार आहे, अशीही एक गोष्ट मी चालवली.

तिच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीला मी गेलो. दारात कुणी अडवलं नाही, तेच जड गेलं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी, खुंटीवर, दोरी गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या घरचं पाणी मी पहिल्यांदाच प्यालो, आणि याचं कृपा करून कुणी कौतुक करू नये. "विहिरीवर या," असं सांगायचं ठरवून गेलो होतो, पण रिकामा तांब्या तेवढा परत केला. तीच म्हणाली, "काका, तुमच्याइथलं तेवढं राह्यलंय. ती तापातबी तेच म्हणायलती." तिनं दोरी काढली आणि उरलेल्या चौघांतल्या सविताच्या हातात दिली.

पुढच्या सोमवारी चौघंही आली. मी विहिरीच्या कुंपणाचं दार उघडून काठावर उभा होतो, धरायला काही नाही म्हणून रिकामे हात पाठीमागं बांधून. सविता ओरडली, "हग्ग बिडू!" कुणी हसलं नाही. दोरी सरसर खाली गेली, एकेक लाल चिंधी काठावरून उतरत गेली आणि खोलवर टुबुक असा आवाज आला. तेवीस गाठी. सवितानं आकडा मांडायला प्रज्ञाची वही उघडली, तेव्हा तिच्या खांद्यावरून मी ती पाहिली. दहा विहिरींचे रकाने आकड्यांनी भरलेले. अकराव्या रकान्यावर माझं नाव, आदरानं, ‘काका’ लावून. त्याखाली तक्रार नव्हती, शिवीही नव्हती. दर सोमवारी, न चुकता, तिच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: कासव. कासव. कासव… पान संपून पुढच्या पानावर, तिथंही तेच. शेवटचा शब्द वाकडा झाला होता, तेव्हा बहुतेक अंगात ताप असावा.

सवितानं त्याच्याखाली तेवीस लिहिलं.

ओली दोरी वाळायला म्हणून पोरं माझ्या ओसरीवर टांगून गेली. सोमवारी येऊन नेतात, पुन्हा आणून टांगतात. संध्याकाळी कुणी ना कुणी येतं, म्हणतं, "अण्णा, एखादी सांगा की." मी तोंड उघडतो. समोर लाल चिंध्या हलत असतात. परवा शेजाऱ्याची नात दोरीशी खेळता खेळता विचारत होती, "आज्जा, विहिरीत कासव दिसलं का वो?"

"न्हाई," मी म्हणालो. "नव्हतंच."

"मग तुमी कामून सांगत व्हता?"

तिला सांगण्यासारखी एकही गोष्ट माझ्याजवळ नव्हती.