तापीतल्या बेटाची चित्रं

जळगावात सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला घडलेली गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या आबांनी शाळेच्या हॉलमध्ये आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. आबा ड्रॉइंग शिकवायचे, मी तेव्हा कॉलेजला होते… चित्रं टांगायला मीच मदतीला.

दर रविवारी आबा सायकलने तापीवर जायचे. नदीच्या मधोमध एक बेट होतं, तिथे चार-दोन कुटुंबं डांगर-टरबुजं लावून राहायची. आबांनी वर्षानुवर्षं फक्त तेच रंगवलं. कपाशीच्या वाळलेल्या पळाट्यांच्या झोपड्या… होडीतून पलीकडे निघालेल्या शेळ्या… चहूकडे नदी असूनही वाळूत झिरा खणून प्यायचं पाणी भरणाऱ्या बाया.

एका चित्रापाशी मात्र आबा घुटमळले. होडीत पाठमोरा बसलेला माणूस, हातात लांब बांबू. तो बेटावरचाच. आदल्या पावसाळ्यात पुरात वाहून गेला, सापडलाच नाही.

"अक्का येणार आहे बघायला," आबा म्हणाले. "तिचा नवरा हा. काढून ठेवू का गं?"

तेवढ्यात बेटावरची मंडळी आलीच… धुतलेले कपडे घालून, चपला दाराबाहेर काढून, देवळात यावं तशी.

आपली शेळी, आपली चूल भिंतीवर बघून सगळे हसत होते, एकमेकांना ओढून दाखवत होते. अक्का हळूहळू पुढे सरकत त्या होडीपाशी आली… आणि थांबली.

चित्रात चेहरा नव्हता. नुसती पाठ, किंचित उतरलेला डावा खांदा. आबांनी मान खाली घातली.

"हाऊ मना घरधनी शे," अक्का म्हणाली. मग डोळ्यांत पाणी असताना चक्क हसली. "घरमा बी आसाच पाठ फिरायीसन बसे!"

त्याचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. आबांनी चित्र खिळ्यावरून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "अक्का, हे तुमचं. घेऊन जा."

तिने पदराने हात पुसले, चित्र घेतलं, जवळून पाहिलं… आणि परत दिलं. "ऱ्हाऊ द्या आबा. घर लई जासू ते मी एकलीच देखसू. आठे बठ्ठा देखतीन." घरी ती एकटीच बघणार, इथे सगळे बघतील.

आबा ते पुन्हा टांगायला गेले. त्यांना खिळा सापडेना… मग मीच लावून दिलं. अक्का हॉल बंद होईपर्यंत समोर जमिनीवर बसून होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, हा माझा.

त्यानंतर मोठमोठी प्रदर्शनं पाहिली. पण नुसत्या पाठीवरून माणूस ओळखणारी बाई, आणि तिला ओळखू येईल अशी पाठ काढणारा माणूस… हे दोघं मला एकाच दिवशी बघायला मिळाले.