मरीआईच्या दारावरून

माझे यजमान पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेले तेव्हा शेजारच्या बायांनी मला समजावलं, की पटकीच्या देवीला, मरीआईला शरण जा, तिला नैवेद्य दाखव, म्हणजे कोप निवेल. मी गेले नाही. घरातल्या घरात चुलीपुढे बसून मी तिला स्पष्ट सांगितलं, की ज्या रोगातून लोकांना उठवत हा माणूस गावोगाव फिरला, त्याच रोगानं तू त्याला नेलंस. आता माझ्याकडून नैवेद्याची वाट बघू नकोस. हे बोलताना मला भीती वाटली नाही. राग एवढा होता की भीतीला जागाच उरली नव्हती. पण मी देव न मानणारी झाले होते, असं मात्र नाही. जो नाहीच त्याच्याशी कुणी भांडतं का? मी तिच्याशी रोज भांडत होते, भाकरी थापताना, विहिरीवर, अंथरुणावर पडल्यावर, आणि ती ऐकते आहे हे धरूनच भांडत होते.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, मोठ्या लढाईच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली. आमचं गाव जहागिरीतलं, जिंतूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. यजमान डॉक्टर होते, आणि त्यांच्याकडे एक विलायती मोटारसायकल होती, काळी, अवजड, रेड्यासारखी. गाव तिला फटफटी म्हणायचं. दूरच्या वाडीवर कुणी अत्यवस्थ असलं की फटफटीचा आवाज ऐकूनच घरच्यांना धीर यायचा. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत ती रुतली, की आम्ही दोघं मिळून तिला ओढून काढत असू. त्यामुळे मला ती चालवता येत नसली, तरी तिचं वजन माझ्या खांद्यांना चांगलं ठाऊक होतं. ते गेल्यावर ती गोठ्यात नुसती उभी राहिली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, आणि मिळतं तरी चालवणारं गावात कुणी नव्हतं.

मानवतच्या एका दवाखान्यात यजमानांचे जुने स्नेही डॉक्टर होते. मानवतहून आमच्या बाजारपेठेत मीठ, रॉकेल घेऊन एक लॉरी यायची आणि जाताना कापूस भरून न्यायची. तिच्या ड्रायव्हरकडून, उस्मानभाईकडून, त्या डॉक्टरांनी निरोप धाडला. मानवतच्या आसपासच्या खेड्यांत पटकी शिरली होती. लस होती, दवाखान्याला पेट्रोलचा परवानाही होता, पण ती लस खेड्यापर्यंत वेळेवर न्यायला वाहन नव्हतं. “वहिनींनी फटफटी दिली तर फार माणसं वाचतील,” एवढंच त्यांचं म्हणणं. मी उस्मानभाईला तिथल्या तिथं सांगितलं, की पुढच्या खेपेला घेऊन जा, मीही सोबत येते.

ही खबर जहागिरीच्या कारभाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. जहागीरदारांच्या पुतण्याला ती फटफटी हवी होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कारभारी माझ्या दारात येऊन उभा राहिला. घरात पुरुष माणूस नसताना तो उंबऱ्याच्या आत आला नाही, तेवढी रीत त्यानं पाळली.

“डाक्टरीनबाई, बाईमाणसाला यंत्राचं काय काम? सरकारांच्या वाड्यावर जमा करा. तुमचीबी सोय बघू.”

“यंत्राला काम आहे, कारभारी. मानवतकडे माणसं मरायला लागलीत.”

तो हसला. “न्या की मग. मी काय आडवायलो न्हाई. पर गावातला एक गडीबी तिला हात लावणार न्हाई, हे ध्यानात ठेवा.”

त्यानं खरंच तसं केलं. लॉरी आली त्या सकाळी मी ज्यांच्या ज्यांच्या दारी गेले, त्या घरातले गडी शेतावर गेलेले होते, नाहीतर अंगात कणकण होती. एक म्हातारे गृहस्थ तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “माय, माझ्या लेकाला डाक्टरांनीच वाचीवलं. पर आमाला हितंच नांदायचंय.” मी त्यांच्यावर रागावले नाही. जहागिरीत राहणं काय असतं हे मलाही कळत होतं.

फटफटी ढकलत मी आणि उस्मानभाईनं कशीबशी रस्त्यापर्यंत आणली. लॉरीचा मागचा भाग माझ्या छातीएवढा उंच. घरातल्या माळ्याच्या दोन फळ्या मी आणल्या होत्या, त्या आम्ही टेकवल्या आणि जोर लावला. पुढचं चाक निम्म्यावर गेलं असेल नसेल, एक फळी सटकली आणि दुसरी कडाडून मोडली. फटफटी कलंडली. उस्मानभाईनं पाय मागे घेतला म्हणून वाचला, नाहीतर नडगीचा चुरा झाला असता. समोर लिंबाच्या पारावर कारभारी दोघा-चौघांना घेऊन बसला होता. तिकडून हसण्याचा आवाज आला.

“बाई,” उस्मानभाई घाम पुसत म्हणाला, “ह्ये आपल्या दोघांच्या बसची बात न्हाई. जीव जाईल कुणाचा तरी.”

मी रस्त्याच्या कडेला बसले. रडले नाही, पारावर बघणारे बसले होते म्हणून. मनात मात्र मरीआईला म्हटलं, ‘तुझ्या मदतीची मला गरज नाही. मी मागतही नाही. पण माणसं वाचवायला निघालेय, निदान आडवी येऊ नकोस.’ प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. भांडणातलंच ते एक वाक्य होतं.

तेवढ्यात वळणावरून एक बैलगाडी आली. गाडीत एक सुतार आणि त्याची बायको, आणि त्यांच्यामध्ये आडवं घातलेलं एक भलंमोठं सागवानी दार, लोखंडी पट्ट्या मारलेलं, चांगलं जाड आणि रुंद. दाराला हळदकुंकू माखलेलं होतं. मी विचारलं, तर सुतार म्हणाला, पलीकडच्या गावानं मरीआईच्या देवळाला नवसाचं दार केलंय, ते बसवायला चाललो. नेहमीच्या वाटेवरचा ओढा वळवाच्या पावसानं फुगला म्हणून हिकडून वळसा घेतला. मी ते दार बघतच राहिले. उस्मानभाईही बघत राहिला. आम्ही दोघं एकच गोष्ट बघत होतो, पण बोलायची हिंमत त्याला होईना, आणि मला मागायचं नव्हतं.

सुताराच्या बायकोनं पडलेली फटफटी पाहिली, मोडकी फळी पाहिली, माझं मोकळं कपाळ पाहिलं. “कुठं न्यायलीस गं बाई हे धूड?” मी सांगितलं. ती नवऱ्याकडे वळली. “उतरवा दार.”

“आगं, देवीचं हाय,” सुतार दचकला. “चाकं घालायची त्याच्यावर?”

“उद्या ह्या दाराला शेरडंकरडं अंग घासणार न्हाईत व्हय? पटकीच्या लोकाला औषीद न्यायलीय ती. उतरवा म्हनते ना.”

दार उतरलं. उस्मानभाईनं लॉरी मागे घेऊन तिची मागची चाकं रस्त्याच्या कडेच्या नालीत उतरवली, म्हणजे मागचा भाग खाली आला, आणि चाकांना धोंडे लावले. दाराचं वरचं टोक लॉरीला दोरानं घट्ट बांधलं, घसरू नये म्हणून. आता चढ सौम्य झाला. पण हात चारच जणांचे, आणि वजन तेच. सुतार गावचा नव्हता म्हणून त्याला मनाई लागू नव्हती, तसं आणखी कोण मिळणार?

मग विहिरीकडून बाया आल्या. पुढे सखूबाई, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, मला मरीआईला शरण जा म्हणून सांगणारी तीच. तिच्या खांद्यावर मोट ओढायचा जाडजूड दोर, नाडा होता. पारावरून कारभारी ओरडला, “सखू! काय सांगितलं होतं गावाला?”

“गड्यांनी हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलं,” सखूबाई चालता चालताच म्हणाली. “आमी गडी हाव व्हय?”

बाकीच्या बाया खळखळून हसल्या. कारभारी उभा राहिला, पण बायांच्या घोळक्यात शिरून हात धरायचा कुणाचा? तो परत पारावर टेकला.

नाडा पुढच्या चाकाच्या वरच्या दांड्याला बांधला आणि बाया तो धरून लॉरीत चढल्या. उस्मानभाईनं बजावलं, की फटफटीच्या मागे कुणीही थांबायचं नाही, सुटली तर अंगावर येईल. तो आणि सुतार दोन बाजूंनी धरून होते. हँडल माझ्याकडे. मी चपला काढल्या आणि देवीच्या दारावर पाय ठेवला. ओली हळद तळव्यांना लागली. ज्या बाईला कुणी हळदीचं बोट लावणार नव्हतं, तिचे दोन्ही पाय पिवळे झाले. थांबून विचार करायला सवड नव्हती.

बाया ओढू लागल्या. फटफटी चढली, इंच इंच, आणि लॉरीच्या कडेशी येऊन अडकली. पुढे जाईना. बाया जोर करत होत्या, नाडा ताणून कडक झाला होता.

“बाई, ब्रेक सोडा!” उस्मानभाई ओरडला. “तुमीच धरून बसलात!”

खरंच, माझी बोटं ब्रेकवर आवळलेली होती. मला ती सुटेनात. सोडला आणि बायांच्या हातून नाडा निसटला, तर ते सगळं ओझं माझ्या अंगावर येणार होतं. वर पाहिलं, तर सखूबाईचा चेहरा लालबुंद झालेला, ओठ दातांत धरलेले, आणि नजर माझ्यावर. मी मनात म्हटलं, ‘मरीआई, बघ आता तुझं तू.’ आणि बोटं उघडली. फटफटी एक हिसका देऊन वर गेली, आणि तिच्यामागून मीही.

नुसत्या स्टँडवर भरवसा नको म्हणून आम्ही ती दोन्ही बाजूंनी दोरांनी ताणून बांधली, चाकांना लाकडं लावली, भोवती कापसाच्या गाठोड्यांची थप्पी दिली. सुतारानं दार पुन्हा बैलगाडीत चढवलं. मी त्याच्या बायकोच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला वरच्यावर धरलं आणि म्हणाली, “जा गं, उशीर करू नगं.” तिचं नावही मी विचारलं नाही, याची आजवर हळहळ वाटते.

लॉरी सुटता सुटता कारभारी जवळ आला. “गावात परत यायचंय का न्हाई, बाई?”

“येईन,” मी वरूनच म्हटलं, “पण तुम्हाला विचारून येणार नाही.” पदर कपाळावर ओढायचाही मी राहू दिला.

मानवतला डॉक्टरांनी फटफटी पाहिली आणि तिच्या टाकीवर हात ठेवला. मग विचारलं, “वहिनी, परत कधी निघणार?” मी विचारलं, “सुया उकळून द्यायला कोण आहे तुमच्याकडे?” कुणी नव्हतं. यजमानांच्या सुया मीच उकळत असे. मी राहिले. तो उन्हाळा आणि त्यानंतरचे कितीतरी उन्हाळे मी त्या दवाखान्यात काढले. फटफटी धूळ उडवत जायची, परत यायची, आणि डॉक्टर सांगायचे, की अमुक वाडीवरचं पोर उठून बसलं. काही पोरं वाचली नाहीत. तेही मी ऐकून घेतलं.

तो सुतार त्या वाटेनं का आला, याचं कारण ओढ्याला पूर आला हेच असेल. बाया का आल्या, याचं कारण त्यांनाच ठाऊक. मी कुणाला पटवून देत नाही. मरीआईशी माझं भांडण पुरतं मिटलेलं नाही. माझा माणूस नेला, हे मी तिला अजून सुनावते. पण आता हातही जोडते, मान वर ठेवून, तिच्याकडे बघत. शरण जाणं म्हणजे कुणापुढेही वाकणं, असं मला वाटायचं, म्हणून मी चिडत होते. आता, त्या दिवशीच्या ब्रेकसारखं जे मी केवळ भीतीपोटी आवळून धरलेलं असतं, तेवढं तिच्या भरवशावर सोडते. बाकी काही सोडायला मी तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तिनंही ते कधी मागितलेलं नाही.